आंबोणीचा दुरुस्तीखर्च आणि सखाहरी

आंबोणी नावाच्या गावात सखाहरी नावाचा एक भोळा माणूस होता. भोळे पुष्कळ असतात. पण बाकीचे भोळे कामाला लागले की थोडे तरी शहाणे होतात. सखाहरी कामाला लागला आणि गावच जपून राहायला लागलं.

त्याचं असं झालं. आंबोणीच्या ग्रामपंचायतीत दुरुस्तीचा पैसा येई आणि संपून जाई. नळ गळत. हापसा करकरत असे. खांबावरचे दिवे दिवसा जळत आणि अंधार पडला की विझत. पैसा कशावर गेला असं विचारलं तर हिशोबात एकच शब्द सापडे, 'दुरुस्ती'. कशाची दुरुस्ती? ते कुणालाच ठाऊक नसे.

अशात गावाला कुलथे नावाचे नवे ग्रामसेवक आले. ग्रामसेवकाला गावात भाऊसाहेब म्हणतात, तसं त्यांनाही म्हणू लागले. भाऊसाहेबांना हिशोबाची फार आवड. लोक जेवणानंतर सुपारी कातरतात, हे बेरीज करत. ते म्हणाले, "प्रत्येक वस्तूचं वेगळं खातं ठेवू. हापशाचा खर्च हापशाच्या नावावर, दिव्याचा दिव्याच्या नावावर. मग हिशोबच आपल्याला सांगेल, काय दुरुस्त करायचं, काय बदलायचं आणि काय फेकून द्यायचं."

म्हणणं अगदी बरोबर होतं. फक्त ह्या कामाला त्यांनी शिपाई म्हणून सखाहरीला घेतलं.

घेतलं, कारण सखाहरी वाद घालत नसे. सांगितलं तेवढंच करी. भाऊसाहेबांना वाटलं, आपल्याला असाच माणूस हवा होता. भाऊसाहेब गावात नवे होते.

नोकरी तात्पुरती होती. तालुक्याचे साहेब तपासणीला येणार, काम बघणार, आणि मग सखाहरीला कायम करणार, असं ठरलं होतं. सखाहरीला कायम व्हायची फार घाई होती. वरच्या आळीतल्या बापू खिलाऱ्यांची मुलगी मंजुळा त्याला आवडत होती. मंजुळेलाही तो आवडत होता. का, ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. पण बापूंनी साफ सांगून टाकलं होतं, "तात्पुरत्या माणसाला मी म्हैस धार काढायला देत नाही. पोरगी कुठली देतो? आधी कायम हो, मग सुपारी फोडू."

म्हणून सखाहरीनं मनाशी ठरवलं. भाऊसाहेब सांगतील त्यातला एक शब्द खाली पडू द्यायचा नाही.

पहिल्या दिवशी भाऊसाहेबांनी त्याच्या हातात पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश दिला.

"हे बघ सखाहरी. ज्याच्यावर पंचायतीचा पैसा खर्च होतो, त्याच्यावर नंबर टाकायचा. नंबर पडला की आपण त्याचं खातं उघडू."

"ज्याच्यावर पैसा खर्च होतो, त्याच्यावर नंबर," सखाहरी म्हणाला.

"शाबास."

सखाहरीनं हापशावर नंबर टाकला. नळांवर टाकला. दिव्यांच्या खांबांवर टाकला. विहिरीवरच्या मोटारीवर टाकला. नंबर सरळ होते, ठळक होते, दुरून वाचता येत होते. भाऊसाहेब खूश झाले.

दुपारी पंचायतीची मासिक सभा होती. सभेला चहा आला, भजी आली. दगडूअण्णा हे पंचायतीचे सगळ्यात जुने सदस्य. त्यांनी भज्यांची एक बशी संपवली, दुसरी संपवली, तिसऱ्या बशीतली मिरची तेवढी बाजूला काढली, आणि छातीवर हनुवटी टेकून डुलकी घेतली.

सखाहरी दारात उभा राहून बघत होता. चहा पंचायतीचा. भजी पंचायतीची. खर्च तर डोळ्यांदेखत चालला होता. तो हळूच अण्णांच्या मागे गेला. अण्णांचा सदरा पांढरा होता. पांढऱ्यावर पांढरा रंग उठून दिसणार नाही म्हणून सखाहरी परत गेला आणि काळा रंग घेऊन आला. कामात कसूर त्याला आवडत नसे.

अण्णा घरी गेले तेव्हा त्यांच्या बायकोनं दारातच विचारलं, "अहो, हे पाठीवर काय लिहून आणलंत?"

"काय लिहिलंय?"

"'ग्रा. पं. आंबोणी. सदस्य. नंबर एकतीस.'"

अण्णा तसेच उलटपावली पंचायतीत आले.

"मी काय पंचायतीची खुर्ची आहे का रे?"

"नाही, अण्णा," सखाहरी म्हणाला. "खुर्चीवर इतका खर्च नाही."

अण्णांना नवा सदरा घेऊन द्यावा लागला. भाऊसाहेबांनी कपाळाला हात लावला.

"अरे, असं का केलंस?"

"तुम्हीच म्हणालात."

"मी वस्तूंबद्दल म्हणालो होतो! माणसांना रंग फासतात का? हात लावायच्या आधी बघावं जरा. हलतंय, आवाज करतंय, तर लांब राहायचं."

"हलतंय, आवाज करतंय, तर लांब राहायचं. हे आधी सांगितलं असतंत तर?"

सखाहरीनं मान हलवली. त्याला सगळं नीट कळलं होतं. गावाचं नुकसान नेहमी इथूनच सुरू होई.

दोनचार दिवस गेले. सकाळी हापशावर बायकांची गर्दी झाली. मंजुळाही कळशी घेऊन आली होती. हापशाचा दांडा खिळखिळा झाला होता. दाबला की एकदा डावीकडे जाई, एकदा उजवीकडे, आणि मधून म्हातारीसारखा कण्हे.

"सखाहरी," मंजुळा म्हणाली, "पाना आण की जरा. नट ढिला झालाय, आवळून टाक."

सखाहरी आला. चार हात लांब उभा राहिला. बघितलं.

"हलतोय," तो म्हणाला.

"तेच तर सांगतेय!"

"आवाजही करतोय."

"मग?"

"मग लांब व्हा सगळ्याजणी."

त्यानं कळश्या मागे सरकवल्या. सुतळी आणून हापशाभोवती बांधली. सुतळीच्या बाहेर स्वतः उभा राहिला आणि कुणाला आत जाऊ देईना. एका म्हातारीनं तरीही सुतळीखालून हात घालून पाणी हापसायला घेतलंच. दुसऱ्या खेपेला दांडा तिच्या हातात आला आणि आतली सळई सुळकन बोअरमध्ये गेली. खालून बऱ्याच वेळानं डुबुक असा आवाज आला.

"बघा," सखाहरी म्हणाला, "लांब होतात म्हणून वाचलात."

सळई काढायला तालुक्याहून गाडी आली, माणसं आली, कप्पी आली. जे काम एका पान्यात झालं असतं त्याचं बिल बघून भाऊसाहेबांना पाणी प्यावंसं वाटलं. पण हापसा बंद होता.

"अरे, असं का केलंस?"

"तुम्हीच म्हणालात."

"मी माणसांबद्दल म्हणालो होतो! अरे, मोडायची वाट बघत बसायचं नसतं. मोडायच्या आधीच बांधून काढायचं. थोडक्यात भागतं. मोडल्यावर दसपट पडतं."

"मोडायच्या आधीच बांधून काढायचं. हे आधी सांगितलं असतंत तर?"

आणि सखाहरीनं मान हलवली.

गावात गेनूनाना नावाचे म्हातारे होते. खांबावरचे दिवे बदलायचं काम त्यांच्याकडे होतं. शिडी चढताना नानांचे पाय लटपटत. सखाहरी खाली शिडी धरून उभा राही आणि वर बघत विचार करी. नाना पडणार. पडले की पाय मोडणार. पाय मोडला की दवाखाना. दवाखान्याचा खर्च पंचायतीवर. दसपट.

दुपारी भाकरी खाऊन नाना चिंचेखाली आडवे झाले. नानांची झोप गाढ होती. गावात वरात वाजत गेली तरी ते कूस बदलत नसत. सखाहरीनं बांबूच्या कामट्या आणल्या. गोणपाटाच्या पट्ट्या फाडल्या. मोरीच्या कामातलं सिमेंट उरलं होतं, ते कालवलं. आणि बांधून काढलं.

त्याला आधी वाटलं होतं एकच पाय बांधावा, म्हणजे खर्च वाचेल. पण कुठला मोडणार ते सांगता येईना. म्हणून दोन्ही बांधले.

नाना उन्हं उतरल्यावर जागे झाले. उठायला गेले तर कमरेखालून उठवेना. त्यांनी खाली बघितलं. त्यांची बोंब ऐकून चिंचेवरचे बगळे उडाले आणि वरच्या आळीत एका बाईच्या हातून तेलाची बरणी पडली.

"माझे पाय! माझे पाय कुणी मोडले?"

"मोडले नाहीत, नाना," सखाहरी म्हणाला. "मोडूच नयेत म्हणून केलंय. फक्त ओलं आहे तोवर हलू नका, चिरा पडतील."

वाचणाऱ्यांनी घाबरू नये. नानांना काही झालं नाही. गवंड्यानं छिन्नी लावून पाय मोकळे केले. छिन्नी लागेल ह्या भीतीनं नाना मात्र इतके ओरडले की त्यांचा घसा बसला, आणि त्याचं औषध पंचायतीनं दिलं.

"अरे," भाऊसाहेब म्हणाले. पुढचं म्हणायला त्यांच्यात त्राण नव्हतं.

"तुम्हीच म्हणालात," सखाहरीनं मदत केली.

"मी हापशाबद्दल म्हणालो होतो! दिसलं की बांध, असं नसतं रे. खर्च करायच्या आधी खाती बघायची. आणि हे नीट ध्यानात ठेव. ज्याच्या खात्यावर काहीच खर्च नाही, ते ठणठणीत असेलच असं नाही. तिकडे कुणी फिरकलेलंच नसतं. आधी तिथं जायचं. गळतंय का बघायचं. हातोडीनं ठोकून बघायचं. पोकळ वाजलं तर समजायचं की आतून गेलंय."

भाऊसाहेबांच्या मनात पाण्याची टाकी होती. टाकी बांधल्यापासून तिच्यावर कुणी एक पैसा खर्च केला नव्हता.

"काहीच खर्च नाही, तिथं आधी जायचं. ठोकून बघायचं," सखाहरी म्हणाला.

तो खाती बघायला बसला. हापशावर खर्च होता. मोटारीवर खर्च होता. अण्णांवर खर्च होता, सदऱ्याचा. नानांवर खर्च होता, सिमेंटचा आणि घशाचा. मग त्याच्या लक्षात आलं. बापू खिलाऱ्यांवर आजवर एक पैसा खर्च नाही! होणारे सासरे, आणि त्यांच्याकडे कुणी फिरकलेलंसुद्धा नाही. त्याला फार वाईट वाटलं. त्यानं हातोडी घेतली आणि तो वरच्या आळीत गेला.

बापू अंगणात बसून दावं वळत होते.

"बापू, तुमच्यावर पंचायतीचा काहीच खर्च नाही."

"नसेना. मी कुणाचा मिंधा नाही."

"म्हणजे तुमच्याकडे कुणी बघितलेलंच नाही."

बापूंचा हात थांबला. "मंजुळेची आई गेल्यापासून कोण बघणार बाबा?" ते म्हणाले. त्यांचा आवाज जरा ओला झाला. त्यांना वाटलं, पोरगा पहिल्यांदाच जावयासारखं बोलतोय.

"कुठं गळतं का?"

"आता ह्या वयात नाक गळतं थंडीचं. बाकी बरं आहे."

"हलू नका हं," सखाहरी म्हणाला, आणि त्यानं बापूंच्या टाळक्यावर हातोडी मारली. हळूच. गवंडी भिंतीवर मारतो तशी. मग कान लावून ऐकलं. खात्री करायला शेजारी अजून एक मारली.

"काय करतोस रे!"

"बापू," सखाहरी काळजीनं म्हणाला, "पोकळ आहे."

दाराआड मंजुळा होती. तिनं पदराचा बोळा तोंडात घातला, तरी तिचं हसू बाहेर आलं. बापू दावं घेऊन सखाहरीच्या मागे लागले ते गावाच्या वेशीपर्यंत. सखाहरी पळता पळता मागे वळून सांगत होता, "पळू नका बापू, आतून गेलंय!"

वेशीवर बापूंना धाप लागली. ते तिथूनच ओरडले, "उद्या साहेब येतोय ना? कायम झाला नाहीस तर मंजुळेला दुसरीकडे देतो! आणि झालास तर लग्नात फेटा बांधून बसेन! आत पातेलं घालून!"

बापूंच्या टाळक्याला मलम लावलं, त्याचे पैसे पंचायतीनं दिले. सखाहरीनं बापूंच्या नावाचं खातं उघडलं. त्याला जरा समाधान वाटलं.

भाऊसाहेबांना मात्र समाधान कशातच वाटेना. सखाहरीला काढून टाकावं असं त्यांच्या चारदा मनात आलं. पण ह्या पगारात गावातलं दुसरं कुणी यायला तयार नव्हतं. शिवाय खाती मात्र सखाहरीनं चोख ठेवली होती. भाऊसाहेबांचं मन तिथंच विरघळत असे. त्यांनी साहेबांना लिहून टाकलं की माणूस आज्ञाधारक आहे, ह्याला कायम करावं.

साहेबांच्या तपासणीच्या दिवशीच भंगाराचा लिलाव ठेवला होता. सकाळी साहेबांना फाट्यावरून आणायला निघताना भाऊसाहेबांनी सखाहरीला समोर बसवलं.

"आजचं काम नीट ऐक. सगळी खाती मांड. ज्याच्यावर सारखा खर्च होतो, आणि काम मात्र धड होत नाही, त्याच्यावर पंचायतीनं आणखी पैसा घालवायचा नाही. ते लिलावात काढायचं. त्याच्यावर 'भंगार' असं लिही आणि अंगणात नेऊन ठेव. समजलं?"

त्यांच्या मनात विहिरीवरची मोटार होती. ती दर थोड्या दिवसांनी जळे, आणि दर वेळी तिला नवं वायंडिंग भरावं लागे. पण मोटारीचं नाव त्यांनी मुद्दामच घेतलं नाही. नाव हिशोबातूनच निघावं आणि साहेबांनी ते बघावं, अशी त्यांची हौस होती.

"समजलं," सखाहरी म्हणाला.

"आणि हात जोडतो तुला. साहेबांसमोर तोंड उघडू नकोस. तू एक शब्द बोललास की तुझी कायमची नोकरी गेली आणि माझीही. लिलावातला माल अंगणातून बाहेर जाईपर्यंत गप्प. कुणी काही विचारू दे. मी विचारलं तरी गप्प. मी तुझ्या पाया पडलो तरी गप्प."

"तुम्ही पाया पडलात तरी गप्प," सखाहरी म्हणाला, आणि तेव्हापासूनच गप्प झाला.

भाऊसाहेब गेले. सखाहरी खाती मांडून बसला.

मोटारीवर खर्च मोठा होता, पण बिचारी पाणी तरी देत होती. हापशावर खर्च होता. पण हापशाची सळई बोअरमध्ये पडली ती कुणामुळे? सखाहरीमुळे. सखाहरीनं तो खर्च तिथून काढून आपल्या नावावर मांडला. अण्णांचा सदरा कुणामुळे? सखाहरीमुळे. नानांचं सिमेंट, गवंड्याची मजुरी, घशाचं औषध? सखाहरीमुळे. तेलाची बरणीही त्यानं सोडली नाही. बापूंचं मलम? सखाहरीमुळे. वर त्याचा पगार. बेरीज केली तेव्हा मोटार फार मागे राहिली.

म्हणजे सारखा खर्च एकाच ठिकाणी होता. आणि काम? सखाहरीनं प्रामाणिकपणे आठवून बघितलं. काम धड एकही झालं नव्हतं.

त्यानं रंगाचा डबा उघडला आणि स्वतःच्या छातीवर 'भंगार' असं लिहिलं. वरून खाली बघत लिहिल्यामुळे अक्षरं उलटी आली. लोकांना मान वाकडी करून वाचावं लागलं. मग तो अंगणात गेला आणि गंजकं पिंप आणि वाकडे पाइप ह्यांच्या मधे जागा करून बसला.

लिलाव बोलायचं काम दगडूअण्णांकडे होतं. अण्णांनी पिंप विकलं. पाइप विकले. तीन पायांची खुर्ची विकली. मग ते सखाहरीसमोर आले. मान वाकडी केली. वाचलं.

"तू भंगारात?"

सखाहरी गप्प.

अण्णांनी त्याच्या मांडीवरची खाती उचलून बेरीज बघितली. त्यांना आपला सदरा आठवला. त्यांच्या मिशीखाली हसू फुटलं.

"नियमाप्रमाणे आहे," अण्णा म्हणाले. "बोला! पंचायतीचा शिपाई, एक नग! जसा आहे तसा!"

तालुक्याचे भंगारवाले मुनीरभाई हातगाडी घेऊन आले होते. त्यांनी सखाहरीभोवती फेरी मारली.

"अण्णा, किलोवर की नगावर?"

"नगावर."

"चालू आहे की बंद?"

"चालू आहे. तोच तर बिघाड आहे."

"ह्यात लोखंड किती निघंल?"

"कानात बाळी आहे."

"ती पितळेची दिसते," मुनीरभाई म्हणाले. "वीस रुपये. तेही तुमच्या तोंडाकडे बघून."

"वीस रुपये एक वार!" अण्णा ओरडले. "वीस रुपये दोन वार!"

"एकवीस!"

सगळ्यांनी मागे वळून बघितलं. मंजुळा होती. ती पाणी साठवायला पिंप घ्यायला म्हणून आली होती आणि पिंप आधीच गेलं होतं. तिच्यामागे बापू होते, टाळक्याला मलम लावलेले.

"काय बोलतेस काय!" बापू म्हणाले. "तात्पुरत्या माणसाला मी..."

"तात्पुरता कुठला, बापू? विकत घेतला की आपला. लिलावाचा माल परत देता येत नाही."

बापूंनी कनवटीला हात लावला. विचार केला. पैसे काढले.

"अजून कुणी बोलणार?" अण्णांनी मुनीरभाईंकडे बघितलं. मुनीरभाईंनी हात जोडले. "एकवीस रुपये तीन वार! पावती फाडा!"

पावती फाटली, आणि तेवढ्यात साहेबांची जीप अंगणात आली. साहेब उतरले. त्यांच्या हातात सखाहरीच्या कायम नेमणुकीची ऑर्डर होती. भाऊसाहेबांनी वाटेतच सही करून घेतली होती.

"कुठाय तुमचा शिपाई?" साहेब म्हणाले.

"विकला," अण्णा म्हणाले.

"म्हणजे?"

"एकवीस रुपयांना. बोली वीसवर आली होती, पण आपण पंचायतीचा फायदा बघितला."

भाऊसाहेब वाकड्या पाइपांवर बसले. ते पाइपही विकलेले होते, पण त्यांना कुणी उठवलं नाही.

साहेबांनी खाती मागवली. बेरीज तपासली. पुन्हा तपासली. बेरीज बरोबर होती. जाहीर लिलाव झाला होता. पावती फाटली होती. साहेबांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

"माणूस भंगारात काढायचा नियम नाही," ते म्हणाले. "पण वस्तू काढायचा आहे, आणि तुमचे कागद चोख आहेत. आता हे रद्द करायला एकच उपाय. ह्यानं स्वतः म्हणावं की मी वस्तू नाही, मी माणूस आहे. बास. तेवढं म्हणाला की लिलाव रद्द, आणि ही ऑर्डर त्याच्या हातात. काय रे? म्हण."

सखाहरीनं साहेबांकडे बघितलं आणि ओठ घट्ट मिटले.

"अरे, म्हण की," साहेब म्हणाले. "नोकरी नको का?"

सखाहरीच्या डोळ्यांत पाणी आलं. नोकरी हवी होती. म्हणून तर तो गप्प होता.

"बोल सखाहरी!" भाऊसाहेब पाइपांवरून ओरडले. "मी सांगतो, बोल!"

हे सकाळीच ठरलं होतं. भाऊसाहेब विचारतील, पण बोलायचं नाही. सखाहरीनं मान हलवली.

"बोल रे जावया!" बापू ओरडले. त्यांनी सखाहरीला पहिल्यांदाच जावई म्हटलं होतं, पण कुणाच्या लक्षात आलं नाही. "एक शब्द बोल! जन्माची भाकर आहे ती!"

शेवटी भाऊसाहेब उठले. सगळ्या गावासमोर ते खाली वाकले आणि त्यांनी सखाहरीचे पाय धरले. "पाया पडतो तुझ्या, बोल!"

सखाहरीचा चेहरा उजळला. अगदी सकाळी सांगितलं होतं तसंच सगळं चाललं होतं. त्यानं दोन्ही हातांनी आपलं तोंड दाबून धरलं.

साहेबांनी थोडा वेळ वाट बघितली. घड्याळ बघितलं. त्यांना अजून दुसरं गाव करायचं होतं. त्यांनी ऑर्डरची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"माल उचला," अण्णा मंजुळेला म्हणाले. "नियमाप्रमाणे आजच उचलायचा असतो. उद्यापासून पंचायत जागेचं भाडं लावेल."

मुनीरभाईंनी आपली हातगाडी दिली. भाडं घेतलं नाही. म्हणाले, शादीत बिर्याणी खाईन. मंजुळेनं आणि बापूंनी सखाहरीला दोन बाजूंनी धरून गाडीवर बसवलं. बापूंनी पुढून ओढलं, मंजुळेनं मागून ढकललं. गाडी अंगणातून निघाली, फाटकाच्या उंबऱ्यावर जरा अडली आणि धडधडत रस्त्यावर आली.

सखाहरीनं मागे वळून फाटक बघितलं. मग त्यानं तोंडावरचे हात काढले.

"बापू."

बापू जागच्या जागी उडाले. "आता बोलतोस? आता?"

"माल अंगणाच्या बाहेर आला," सखाहरी म्हणाला.

"बोल मग! आता काय ते सगळं बोलून घे!"

"मला पडवीत ठेवा. उघड्यावर ठेवलंत तर पावसात गंजेन."